मदत हवी आहे: बुलेटचा आवाज आला की म्हैस दूध चोरते

मिरजेजवळचं गाव. घरी एक पंढरपुरी म्हैस, दुसऱ्या वेताची. सकाळी साडेतीन लिटर हक्काचं दूध. दीड महिन्यापूर्वी तिला दगडी झाली, म्हणजे कास सुजली. डॉक्टर पाच दिवस रोज धारेच्या वेळेला यायचे, बुलेटवर. बोळात डबडब ऐकू आली की दोन मिनिटांत मानेत सुई आणि सडात ट्यूब. गुण आला. दूध पुन्हा तपासून घेतलं, आता गाठी नाहीत, सूज नाही. (सांगितलेले दिवस दूध डेअरीला घातलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल.)

आता खरं दुखणं. डॉक्टरांचं येणं थांबलं आणि आमच्या थोरल्यानं जुनी बुलेट घेतली! कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी, घरी यायची वेळ नेमकी धारेची. आवाज बोळात शिरला की म्हशीचं तोंड गव्हाणीतून वर येतं, कान ताठ, शेपूट कासेशी घट्ट. चरवीतली धार बारीक होत होत थांबते. दीड लिटरवर उठावं लागतं. संध्याकाळी काही तक्रार नाही. रविवारी पोराला सुट्टी, त्या सकाळी पुन्हा साडेतीन.

धाकटी बीएला मानसशास्त्र घेऊन आहे. ती म्हणाली, "आई, हा तर पाव्हलॉव्ह!" रशियातला हा माणूस कुत्र्यांच्या पचनावर काम करायचा, 1904 चं नोबेल त्याच कामाचं. त्याच्या लक्षात आलं की खायला घालणाऱ्याची चाहूल लागली तरी कुत्र्यांना लाळ सुटते. मग मेट्रोनोमची टिकटिक ऐकवून खायला द्यायचं असं चालवलं, पुढे नुसत्या टिकटिकीलाही लाळ. आमच्याकडे टिकटिकीच्या जागी बुलेट, खाण्याच्या जागी सुई. तसं म्हटलं तर पान्ह्याचंही तेच. चरवी वाजली, भिजवलेल्या सरकी पेंडीचा वास आला की सडाला हात लागायच्या आधीच तिला पान्हा फुटतो.

पण तिच्याच पुस्तकात आहे की नुसती टिकटिक वाजवत राहिलं आणि खायला दिलं नाही, तर लाळ हळूहळू थांबते. मग आमची म्हैस का विसरेना? बुलेट रोज येते, सुई महिनाभर नाही. शेजारचे म्हणतात, पान्ह्याचं इंजेक्शन मारा. मला ते नको आहे. कुणाचा काही अनुभव?

कराडचा गोठा: ताई, इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नका. सुईलाच भ्यालेल्या जनावराला आणखी सुई कशाला? शिवाय दूध काढण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यानं गुन्हा आहे. जनावर भ्यालं की अंगात ॲड्रेनालिन वाढतं, ते ऑक्सिटोसिनला, म्हणजे पान्हा सोडवणाऱ्या संप्रेरकाला, कासेत काम करू देत नाही. गायीचं थोडं तरी दूध आधीच खाली उतरलेलं असतं, म्हशीचं जवळजवळ नाहीच, म्हणून पान्हा अडला की सगळंच अडतं. एक विचारतो, राग मानू नका. धार थांबली की तुम्ही काय करता?

धागाकर्ती: खोटं कशाला बोलू. मालक दाव्यानं एक-दोन रट्टे देतात, मग मागचे पाय बांधतो.

कराडचा गोठा: मग विसरेल कशी? सुई गेली, रट्टा आला. बुलेटनंतर वाईट होतं हा तिचा हिशेब रोज बरोबरच ठरतोय की!

खडू-फळा: कराडकरांनी नेमकं पकडलं. मार आजपासून बंद, हे पहिलं. दुसरं, 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या एका लहान पोराची भीती अशी घालवली की पोरगं आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, मग दर खेपेला थोडा जवळ. तुम्ही दुपारी, धार नसताना, पेंड पुढ्यात ठेवा आणि बुलेट पार लांब नुसती चालू करा. रवंथ नाही, खाणं चालू राहिलं पाहिजे. तोंड वर आलं तर तुम्ही फार जवळ आलात, मागे सरा. आणि मध्ये खंड पडला की गेलेली भीती पुन्हा डोकावते, पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची लाळही अशीच परत यायची. तेव्हा दावं उचलू नका.

धागाकर्ती: बारा दिवस झाले. बुलेट पाणंदीच्या टोकापासून वडापर्यंत आली. तोवर सकाळी पोरगा गाडी वेशीतच बंद करून ढकलत आणतो. वैतागतो, पण आणतो. सोमवारी विसरला आणि दारापर्यंत चालू आणली, दूध दोन लिटर. मालकांनी हात मागे बांधून घेतले होते, मी बघितलं. काल तीन लिटर. आता वडापासून गोठ्यापर्यंत घाई करू का अजून आठवडा तिथंच थांबू? पोरगं विचारतंय, उभ्या गाडीला लागणारं पेट्रोल दुधाच्या हिशेबात धरणार का.