मदत हवी आहे: पाण्याखालच्या स्वयंचलित वाहनाला १०० किलोमीटरसाठी कोणती बॅटरी घ्यावी?

सागरवेध: आमच्या महाविद्यालयाच्या चमूने बनवलेले वाहन डिसेंबरात रत्नागिरीहून मालवणपर्यंत, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर, न्यायचे आहे. बॅटरी लिथियम-आयन, १३०० वॉट-तासांची. सेकंदाला एक मीटर वेगाने जाताना मोटर ४० वॉट घेते. त्या हिशेबाने वाहन ३२ तास चालायला हवे होते, पण तलावातल्या चाचणीत ते २० तासांत थांबले. वाहनाचे नळकांडे उघडले तेव्हा आत पाण्याचा थेंब नव्हता आणि ओ-रिंगवरचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवरचे, ग्रीसही शाबूत होते. मोठी बॅटरी कोणती घ्यावी, एवढेच सांगा. मागणी याच आठवड्यात नोंदवायची आहे.

दर्यावर्दी: बॅटरीचा नाद सोडा आणि हायड्रोजन व ऑक्सिजनपासून वीज बनवणारा फ्युएल सेल वापरा. जपानच्या 'उराशिमा' या पाण्याखालच्या स्वयंचलित वाहनाने २००५ साली फ्युएल सेलवर सलग ३१७ किलोमीटर अंतर कापले होते.

पाणतळ: दर्यावर्दी, 'उराशिमा' १० मीटर लांब आहे. पाण्याखाली हवा मिळत नसल्याने हायड्रोजनबरोबर ऑक्सिजनही सोबत न्यावा लागतो. विद्यार्थ्यांच्या नळकांड्यात दोन्ही कुठे मावणार? सागरवेध, मोटर सोडून बाकीची उपकरणे किती वीज घेतात?

सागरवेध: संगणक, वेगमापक आणि सोनार (ध्वनिलहरींनी पाण्यातल्या वस्तूंचा वेध घेणारे उपकरण) मिळून २५ वॉट. बॅटरीच्या निवडीशी त्याचा संबंध वाटला नाही, म्हणून लिहिले नव्हते.

पाणतळ: ४० आणि २५ मिळून ६५, आणि १३०० भागिले ६५ म्हणजे बरोबर २० तास, तुमची बॅटरी निर्दोष आहे. मोटरला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, उपकरणे मात्र वाहन कितीही हळू चालले तरी तासाला तेवढीच वीज घेत राहतात, त्यामुळे मोटरचा खर्च उपकरणांच्या खर्चाच्या निम्मा असतो तेव्हा सर्वाधिक अंतर कापले जाते. तुमच्या बाबतीत तो वेग सेकंदाला ०.६८ मीटर येतो आणि अंतर आताच्या (२० तासांतल्या) ७२ वरून सुमारे ८५ किलोमीटरवर जाते. एकटे सोनार किती घेते?

सागरवेध: १३ वॉट, आणि ते सतत चालू असते. म्हणजे ८५ तरीही कमीच आहेत. मी बॅटरीच विचारली होती.

लाटांकित: मग पुन्हा चार्ज न होणारे लिथियम सेल घ्या, त्यांत वजनामागे ऊर्जा बरीच जास्त असते. रटगर्स विद्यापीठाच्या 'स्कार्लेट नाइट' या ग्लायडरने २००९ साली २२१ दिवसांत अटलांटिक ओलांडला.

पाणतळ: त्या ग्लायडरला पुढे ढकलणारा पंखाच (प्रोपेलर) नव्हता! आपली तरणशक्ती किंचित कमी-जास्त करत तो खाली-वर घसरत गेला, म्हणून इतके दिवस टिकला. ते श्रेय एकट्या सेलना देऊ नका. सागरवेध, सोनार दहा मिनिटांतून एकच मिनिट चालवा. उपकरणांचा खर्च १३.३ वॉटवर येईल, आणि सेकंदाला ०.५५ मीटर वेगाने याच बॅटरीवर सुमारे १२९ किलोमीटर जाता येईल.

दर्यावर्दी: सेल कुठलेही घ्या, प्रवासी विमानातून माल म्हणून सुटे लिथियम सेल पाठवता येत नाहीत, हे लक्षात ठेवा.

सागरवेध: सेल पाठवण्याचा प्रश्नच नव्हता, आम्ही गाडीने जाणार आहोत.

किनारपट्टी: सेकंदाला ०.५५ मीटर हा आकडा स्थिर पाण्यातला आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. डिसेंबरात रत्नागिरीहून दक्षिणेला निघालात, तर इतक्या मंद वाहनाचा बराचसा वेग प्रवाहच खाईल. मालवणहून का निघत नाही?

सागरवेध: रत्नागिरीत ओळखीच्या एकाची बोट मिळते, एवढेच कारण आहे. मालवणला बोटीची चौकशी करतो. सोनारचे वेळापत्रक आज रात्री बदलून वाहन उद्या पुन्हा तलावात सोडतो.