वजाबाकीत ‘हातचा’ म्हणायचं की ‘उसना’?

पालक, कोरेगाव: तिसरीतल्या मुलीला शाळेत ‘दशक सुटा करायचा’ असं शिकवलंय. घरी आजोबा ‘हातचा एक’ म्हणतात, शिकवणीच्या बाई ‘उसना घे’ म्हणतात. तिन्हींचा अर्थ एकच ना?

प्राथमिक शिक्षक, विटा: नाही, गफलत इथंच होते. बेरजेतला हातचा सरळ आहे: ३८ + २७, आठ नि सात पंधरा, पाच मांडले, हातचा एक दशकांत मिळवला. वजाबाकीतला आजोबांचा हातचा मात्र वेगळ्या रीतीचा. ५३ − २७ घ्या. ते म्हणणार, ‘तिनातून सात जात नाहीत. तेरातून सात गेले, राहिले सहा. हातचा एक. दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले, दोन.’ म्हणजे वर दहा सुटे वाढवले आणि खाली एक दशक वाढवला. दोन्हीकडं दहाच वाढल्यानं फरक बदलत नाही. शाळेच्या रीतीत २७ ला हातच लागत नाही. वरचे ५ दशक ३ सुटे मोडून ४ दशक १३ सुटे होतात. मुलीनं दोन्ही एकदम केलं, वर पाचाचे चार आणि खाली दोनाचे तीन, की उत्तर १६.

मिरज: मग ‘उसना’ शाळेच्या रीतीला बसतच नाही, गुरुजी. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर फेडावी लागते. इथं दशक त्याच संख्येचा, फेड कुठंय? उलट आजोबा वर घेतलेले दहा खाली फेडतात. शब्द शोभतो तो तिकडं.

विटा: पटलं. वर्गात मीही ‘सुटा कर’ एवढंच वापरतो. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे, तीन काड्या सुट्या. एका गठ्ठ्याचं रबर मुलीनं स्वतः काढायचं, आणि सात उचलण्याआधी ४ व १३ वहीत लिहायचे. हे लिहिणं राहिलं की पाच पाचच राहतात नि उत्तर ३६ येतं. ३४ आलं तर तिनं सातातूनच तीन वजा केलेत. सरावाला ५२ − २७ देऊ नका, या दोन्ही चुकांचं उत्तर तिथं ३५च येतं; कुठली चूक झाली ते कळत नाही.

कोरेगाव: आणि ४०२ − १६८? ती २४४ आणते.

सांगली: शून्याचे दहा केले, पण त्यातला एक सुट्यांकडं गेल्यावर नऊ करायचे राहिले, ताई. चार शतकांचे तीन, दशकाच्या घरात दहा, त्यातला एक मोडला की नऊ, सुटे बारा. मग २३४. आजोबांच्या रीतीत शून्य असं आडवं येत नाही, हे खरं. पण दोन्हीकडं दहा का वाढवायचे, हे तिसरीतल्या पोरीला काड्यांनी दाखवणं अवघड जातं. त्यांच्याकडं पडताळा द्या: २३४ + १६८. हातचा तिथं दोनदा येतो.