यंत्राचे कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवावे का? ३६ हप्ते शिल्लक, दर कमी, पण मुदत जास्त

प्रश्न | यंत्रशाळा

आमच्या छोट्या यंत्रकाम व्यवसायाने सीएनसी लेथसाठी (संगणक-नियंत्रित कातयंत्रासाठी) पाच वर्षांचे, स्थिर दराचे मुदत कर्ज घेतले आहे. व्याज द.सा. १४ टक्के असून ते घटत्या शिलकीवर, म्हणजे त्या-त्या वेळी उरलेल्या मुद्दलावरच, आकारले जाते. ६० पैकी २४ हप्ते वेळेवर भरले आहेत. आता दुसऱ्या एका बँकेने हे कर्ज ११ टक्के दराने आपल्याकडे घेण्याची तयारी दाखवली असून, मुदत ३६ महिन्यांची ठेवायची की ६० महिन्यांची, हे आम्हीच ठरवायचे आहे. ६० महिने घेतल्यास हप्ता एक तृतीयांशाहून अधिक उतरतो. सध्याची वित्तसंस्था शिल्लक मुद्दलावर ३ टक्के मुदतपूर्व फेड शुल्क घेणार आहे आणि नवी बँक १ टक्का प्रक्रिया शुल्क. दरात इतका फरक असताना हा व्यवहार फायद्याचा धरावा का, की त्यात नजरेतून सुटणारे काही आहे?

उत्तर | हिशेबनीस

दरांची तुलना बाजूला ठेवून, आजपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत खिशातून एकूण किती जाणार आहे ते आधी मांडावे. मूळ कर्ज १०० धरले तर आपला मासिक हप्ता २.३३ येतो. २४ हप्ते भरल्यावर मुद्दल सुमारे ६८.१ उरते आणि उरलेल्या ३६ हप्त्यांत मिळून ८३.८ भरावे लागतात, म्हणजे पुढचे व्याज १५.७ आहे. पाच वर्षांचे एकूण व्याज ३९.६ होते आणि त्यातले २३.९, म्हणजे जवळजवळ ६० टक्के, आपण भरून बसला आहात. समान हप्त्यांच्या कर्जात व्याजाचा भार सुरुवातीच्या हप्त्यांवर अधिक असतो. त्यामुळे कर्ज जितके जुने होते, तितका दर कमी करून वाचवण्याजोगा भाग आक्रसत जातो.

नवे कर्ज ११ टक्क्यांनी आणि त्याच ३६ महिन्यांसाठी घेतल्यास हप्ता २.२३ होतो आणि ३६ महिन्यांत साधारण ३.५ वाचतात. मात्र मुदतपूर्व फेडीचे २.०४ आणि प्रक्रियेचे ०.६८ असे २.७ आजच जातात, आणि ते भरून निघायला सुमारे २८ हप्ते लागतात. उरतात जेमतेम ०.८, तेही मुद्रांक, मूल्यांकन, कागदपत्रे यांचा खर्च धरण्यापूर्वी. शुल्के रोखीने न भरता नव्या कर्जातच मिळवली तर हप्ता २.३२ होतो, म्हणजे आजच्या हप्त्याहून नावापुरताच कमी.

६० महिन्यांचा हप्ता १.४८ येतो आणि घट ३६ टक्क्यांची दिसते. पण एकूण भरणा ८८.८ होतो आणि त्यात शुल्के मिळवली की ९१.५. आज आहे तसेच चालू ठेवले तर ८३.८ जाणार आहेत. म्हणजे दर तीन टक्क्यांनी उतरूनही आपण ७.७ अधिक देणार आहात. हप्ता मुख्यतः मुदत वाढल्यामुळे उतरला आहे, दरामुळे नव्हे. या दोन कारणांची सरमिसळ करूनच कर्जबदलाचे बहुतेक प्रस्ताव आकर्षक दिसतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत स्वस्त उपाय बहुधा आपल्या सध्याच्या वित्तसंस्थेकडेच आहे. नव्या बँकेचे लेखी मंजुरीपत्र दाखवून त्यांना दर कमी करण्याची विनंती करावी. नियमित हप्ते भरणारा ग्राहक गमावणे त्यांनाही परवडत नाही. त्यांनी दर १२ टक्क्यांवर जरी आणला, तरी मुदतपूर्व फेडीचे शुल्क टळत असल्याने ते आपल्याला कर्ज हलवण्याहून अधिक लाभाचे ठरेल.

उत्तर | जमाखर्च

वरील मांडणी बरोबर आहे, त्यात एकच भर घालतो. नव्या बँकेचे ११ टक्के घटत्या शिलकीवर आहेत की मूळ रकमेवर सरसकट, हे लेखी विचारून घ्यावे. पाच वर्षांच्या कर्जावर सरसकट ८ टक्के दर सांगितला, तर घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो १४ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे आपल्या आजच्या दराइतकाच. दर स्थिर राहणार की बदलता, आणि बदलता असल्यास कोणत्या पायाभूत दराशी जोडलेला, हेही पाहावे; कारण आज स्थिर १४ टक्के सोडून बदलत्या ११ टक्क्यांकडे जाणारा माणूस पुढील दरवाढीची जोखीम स्वतःवर घेत असतो.

उत्तर | तारणगहाण

आकडे जुळले तरी व्यवहार अडतो तो तारणापाशी. यंत्रावर आज जुन्या वित्तसंस्थेचा बोजा, म्हणजे कर्ज फिटेपर्यंतचा तारणहक्क, आहे आणि तो उतरल्याशिवाय नव्या बँकेचा पहिला बोजा चढत नाही. म्हणून नवी बँक रक्कम आपल्या हाती न देता थेट जुन्या खात्यात भरते. त्यासाठी जुन्या वित्तसंस्थेकडून ठरावीक तारखेपर्यंत वैध असलेले परतफेडीचे पत्र घ्यावे. त्यात त्या तारखेला फेडायची एकूण रक्कम आणि पुढील प्रत्येक दिवसाचे व्याज वेगळे नमूद असावे, नाहीतर रक्कम दोन दिवस उशिरा पोहोचल्याने किरकोळ शिल्लक राहते आणि ना-हरकत दाखला अडकून पडतो.

नवी बँक यंत्राचे मूल्यांकन स्वतः करून घेईल. वापरलेल्या यंत्राची बाजारातली किंमत ताळेबंदातल्या घसारा वजा किमतीपेक्षा वेगळी असते, आणि ती शिल्लक कर्जापेक्षा कमी निघाली तर उरलेली रक्कम आपल्याला उभी करावी लागेल किंवा जादा तारण द्यावे लागेल. जुन्या करारात हे यंत्र त्याच संस्थेच्या दुसऱ्या कर्जासाठीही तारण म्हणून बांधले आहे का, हे पाहणे अत्यावश्यक आहे. तसे कलम असेल तर एक कर्ज फेडूनही बोजा उतरत नाही. मालकाने दिलेली वैयक्तिक हमी रद्द झाल्याचे स्वतंत्र पत्र मागावे, कारण कर्ज बंद झाल्याच्या दाखल्यात तिचा उल्लेख असेलच असे नाही.

यंत्रशाळा

सर्वांचे आभार. ६० महिन्यांकडे ओढा होण्याचे कारण आता स्पष्टपणे लिहितो. यंत्राला काम भरपूर आहे आणि हप्ता परवडतो, मात्र मोठे ग्राहक बिलांचे पैसे ९० दिवसांनी देतात. त्यामुळे कच्चा माल, पगार आणि हप्ता एकाच आठवड्यात आले की चणचण भासते. अशा स्थितीत एकूण खर्च वाढला तरी हप्ता कमी करणेच शहाणपणाचे नाही का?

उत्तर | जमाखर्च

काही वेळा ते शहाणपणाचे ठरतेच, आणि या मुद्द्यावर हिशेबनीस यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. एकूण व्याज कमीत कमी ठेवणे हे प्रत्येक व्यवसायाचे पहिले उद्दिष्ट नसते. हप्ता चुकला, तर दंडव्याज लागते आणि पतनोंद बिघडते, व त्याचा फटका पुढच्या प्रत्येक कर्जाला बसतो. नव्या बँकेने अंशतः मुदतपूर्व फेड विनाशुल्क करण्याची मुभा लेखी दिली, तर ६० महिन्यांची मुदत घेऊनही आपण जुनाच २.३३ चा हप्ता भरू शकता. शुल्के रोखीने दिली असल्यास तसे कर्ज ३५ हप्त्यांत फिटते, आणि अडचणीच्या महिन्यात १.४८ वर उतरण्याची सोय हाताशी राहते. मात्र ही मुभा करारात नसेल, तर या युक्तिवादाला काही अर्थ उरत नाही.

उत्तर | हिशेबनीस

मुभा लेखी मिळत असेल तर माझाही आक्षेप नाही. तरीही आपण सांगितलेली अडचण यंत्राच्या कर्जाची नसून खेळत्या भांडवलाची आहे. ९० दिवसांची उधारी भागवण्यासाठी पाच वर्षांचे कर्ज लांबवले, तर आजची बिले वसूल झाल्यानंतरही त्यांच्यापायी वाढलेले व्याज आपण कित्येक वर्षे भरत राहाल. त्यापेक्षा कॅश क्रेडिटची मर्यादा (ठरावीक रकमेपर्यंत हवे तेव्हा काढता-भरता येणारे कर्ज) किंवा बिले वटवण्याची सोय (ग्राहकाचे पैसे येण्याआधीच बिलावर बँकेकडून रक्कम घेणे) मागावी. तिथे जितके दिवस रक्कम वापरली तितक्याच दिवसांचे व्याज लागते, त्यामुळे त्या सोयीचा दर १४ टक्क्यांहून थोडा अधिक असला तरी प्रत्यक्ष खर्च कमी राहू शकतो. नव्या बँकेला आपले खाते हवेच आहे. तिच्याशी यंत्राच्या कर्जाऐवजी या मर्यादेची बोलणी करून पाहावीत, पण एक खबरदारी घ्यावी: मर्यादेच्या बदल्यात ती यंत्रावर दुसरा बोजा मागेल, तर त्याला जुन्या वित्तसंस्थेची लेखी संमती लागते.

उत्तर | तारणगहाण

कर्ज हलवण्याचेच ठरले तर दोन किरकोळ वाटणारी कामे राहू देऊ नयेत. जुन्या खात्याकडे जाणारी हप्त्याची स्वयंचलित वजावट बँकेत अर्ज देऊन बंद करावी, मात्र जुने कर्ज पूर्ण बंद झाल्याचे पत्र हाती आल्यानंतरच. यंत्राच्या विमापत्रावर वित्तसंस्थेचे नाव त्याच आठवड्यात बदलून घ्यावे. तसे न केल्यास मधल्या काळात नुकसान झाले, तर भरपाईचा धनादेश जिचा आता काही संबंध नाही अशा संस्थेच्या नावे निघतो.