मदत हवी आहे: गोव्यातल्या दिवाडी बेटावरचं घर पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी बुकिंग साइटवर टाकलंय, त्या लिस्टिंगला पहिला फोटो कोणता लावू?

दोन बेडरूमचं कौलारू घर, पर्यटन खात्याची नोंदणी आहे. शोधयादीत दिसतं, पण उघडून बघणारे फार कमी. म्हणजे अडचण पहिल्या फोटोत किंवा शीर्षकात. दर आजूबाजूइतकाच.

खिडक्या जुन्या, शिंपल्यांच्या. उजेड मऊ येतो, म्हणून खोल्या फोटोत काळपट. फ्लॅश मारला की शिंपल्यांचा दुधी रंगच जातो. दिवे बंद ठेवून, सकाळी 9 ला ट्रायपॉडवर एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करून) काढलं, तेव्हा खोली छान उजळली. वाइड लेन्सने मात्र भिंती वाकतात, पलंग ताणल्यासारखा दिसतो.

सध्या पहिला फोटो बाल्कांवाचा (दारापुढच्या ओसरीचा), सोप्यांसकट (तिथल्या बांधीव बाकांसकट). शीर्षकाला जेमतेम 50 अक्षरं, म्हणून बेटावर फेरीबोटीने यावं लागतं हे वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहिलंय. ते लपवायचं नाही, पाहुणा रात्री धक्क्यावर अडकायला नको. फोटोग्राफर सध्या परवडत नाही.

बाल्कांवच पुढे ठेवू की उजळलेली बेडरूम? आणि फेरी शीर्षकातच घालावी का?