निकाराग्वातली मुलं
माणसाची भाषा कशी जन्मली? आवाजांच्या नकलेतून ती आली, असं काही जण म्हणतात आणि काही शब्दांपुरतं ते मलाही पटतं. चिवचिव, खळखळ, गडगडाट आपल्या तोंडात आहेतच. पण 'भाषा जन्मताना कुणी पाहिली नाही, म्हणून सगळे नुसते तर्क' असंही म्हटलं जातं, ते पटत नाही. (पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने याच वैतागापोटी १८६६ मध्ये भाषेच्या उगमावरचे निबंध घेणंच बंद केलं होतं.)

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कर्णबधिर मुलं आपापल्या घरी एकेकटी असायची, घरच्यांपुरत्या खुणा करायची. मग मानाग्वा या राजधानीत त्यांच्यासाठी शाळा निघाली आणि ती प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. वर्गात ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्याचा प्रयत्न फारसा साधला नाही. मैदानात आणि बसमध्ये मात्र त्यांनी आपसातच खुणांची भाषा घडवली, कुणीही न शिकवता! सर्वांत विलक्षण भाग पुढचा आहे. 'गडगडत खाली जाणं' दाखवताना आधीची मुलं बहुतेकदा दोन्ही गोष्टी एकाच हालचालीत दाखवत. नंतर आलेली लहान मुलं 'गडगडणं' आणि 'खाली' अशा दोन सुट्या खुणा एकापुढे एक मांडू लागली. या भाषेच्या अभ्यासक ॲन सेंगास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा फरक मांडला. नक्कल मोडून तिचे सुटे भाग जोडायचे, हे काम तिथे लहानग्यांनी केलं. या मुलांचा मेंदू आजच्या माणसाचा होता, त्यामुळे आदिमानवाचं कोडं यातून सुटत नाही, हे मान्य. पण नकलेच्या पुढची पायरी इथे डोळ्यांदेखत घडली आहे.