ऑर्फियसवर शॉर्टफिल्म: आधी पटकथा की आधी स्टोरीबोर्ड?

तिसरी घंटा
कॉलेजच्या फिल्मसाठी ग्रीक पुराणातलं ऑर्फियस-युरिडिसी घेतलंय. गोष्ट एवढीच: लग्न होतं न होतं तोच युरिडिसी साप चावून मरते. ऑर्फियस गात गात पाताळात उतरतो. पाताळाचा राजा हेडीस तिला परत देतो, पण वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो बघतो, ती कायमची जाते.
मर्यादा आठ मिनिटांची आणि आमच्या लेखकाने लिहिली बारा पानं. पानाला मिनिट धरलं तरी हिशेब बसत नाही. लग्न, साप, दरबार, सगळं आहे. माझं मत: पटकथा बाजूला ठेवा, फक्त परतीच्या चढणीचा स्टोरीबोर्ड करा, म्हणजे एकेक शॉट चौकोनात काढा. मान वळते तो शॉट कागदावर जमला नाही, तर संवाद कितीही घासा, उपयोग शून्य.

शाईपेन
साफ अमान्य. अट कुणी ऐकलीच नाही, तर मान वळली काय न वळली काय! ही गोष्ट सांगणारा रोमन कवी ओव्हिड उगाच ऑर्फियसला राजासमोर एवढं बोलायला लावत नाही. तो दरबार कापलात, तर उरतं काय? जिना चढणारं जोडपं.

तिसरी घंटा
@शाईपेन मग दुसरा रोमन कवी, व्हर्जिल वाचा. दरबारातला संवाद नाहीच. दोघं परतीच्या वाटेला लागल्यावर अट एका ओळीत, तीही जाता जाता येते. लग्नालाही एक शॉट पुरे, तो तुमच्याच ओव्हिडकडून घ्या: मशाल हलवून हलवून पेटत नाही, नुसती धुमसते.

जिन्याखाली
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. तो का वळतो? ओव्हिडमध्ये ती मागे पडेल या धास्तीने आणि बघायच्या ओढीने. व्हर्जिलमध्ये भान सुटतं, तेही उजेडाच्या तोंडाशी येऊन. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादात तर एक वक्ता म्हणतो, देवांनी त्याला खरी बायको दाखवलीच नाही, नुसता आभास दाखवला. आभास म्हटलं की मागे पावलांचा आवाज नको, भिंतीवर दुसरी सावली नको. अर्धा बोर्ड बदलला! हे पेन्सिलीने ठरत नाही, लिहूनच ठरतं.

तिसरी घंटा
उलट, काढायला बसलं की हे प्रश्न अंगावर येतात. चढण डावीकडून उजवीकडे लावलीय. तो वळला की डावीकडे बघणार, म्हणजे तिच्या क्लोजअपमध्ये तिची नजर उजवीकडे हवी. कॅमेरा चुकून दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपलीकडे गेला, तर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतील आणि नजरानजर गेली बाराच्या भावात. हे कुठल्या पटकथेत दिसतं?

शाईपेन
पटकथेत ते दिसायचं कारणच नाही! पण फ्रेंच दिग्दर्शक झाँ कोक्तोची 1950 ची फिल्म 'ऑर्फे' बघा. तिथे त्याला ती मोटारीच्या आरशात दिसते आणि नाहीशी होते. मान वळतच नाही. गोष्ट आजच्या काळात आणायची हे ठरल्याशिवाय असला आरसा सुचत नाही. तुम्ही मान वळवायचा शॉट धरून बसलात, तर दुसरी वाट दिसणारच नाही.

जिन्याखाली
आरशाचं +१. पण तिच्या बाजूने कुणी लिहितंय का? व्हर्जिलची युरिडिसी त्याला जाब विचारते, ओव्हिडची जेमतेम निरोप घेते. आठ मिनिटांत ती नुसती मागून चालणार असेल, तर मी प्लेटोच्या आभासाकडे.

तिसरी घंटा
अटीला दोन चौकोन देतो, जास्त नाही. @शाईपेन, हेडीसचं एकच वाक्य लिहून दाखवा. दरबार नाही, सिंहासन नाही, नुसता आवाज. जमलं तर बोर्डवर चढवतो.