अनुभव धागा: कर्ली खाडीत कयाक न्यायची, तर आखणी कशी?

तारकर्ली-देवबागच्या बाजूने कर्लीत उतरून स्वतः वल्हवत वर जायचं आणि परत यायचं. ज्यांना ही खाडी माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा: वेळ, सामान, कुठे फसतं.

१.
रजा टाकण्याआधी तिथी बघा. मच्छीमारांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. कयाकसाठी द्वादशी-त्रयोदशी उत्तम. सकाळी सातला निघा, भरतीबरोबर वर जा, ओहोटी लागली की तिच्याबरोबर खाली या. मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पुरी होते, त्यामुळे घड्याळावर वळू नका. जाळ्यांसाठी रोवलेला खुंट बघा. पाणी वाहतं असेल तर खुंटामागे रेघ उठलेली दिसते. ती मिटली की वळा.

२.
वरच्या हिशेबात वारा धरायला हवा. अकरा-साडेअकरानंतर पश्चिमेचे खारे वारे सुरू होतात. तुम्ही तेव्हा पश्चिमेकडेच परतत असता, आणि ओहोटीचं पाणीही तिकडेच जात असतं. वारा आणि पाणी समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात. म्हणून अकराच्या आत काठाला लागा.

वेगाचा अंदाज ताशी ३ किलोमीटर धरा. नवखा माणूस ४-५ धरतो आणि तिथेच वेळ चुकते. ओहोटीचा जोरही सहा तास सारखा नसतो. तिसऱ्या-चौथ्या तासात जवळपास निम्मं पाणी सरकतं. त्या वेळी संगमाकडे, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिकडे, जाऊच नका. मुखाशी ओहोटी लाटांना भिडते, आणि उलटलात तर पाणी समुद्राकडे ओढतं.

३.
सामानाचं. लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळा, मग दुसऱ्याला खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात निरुपयोगी. शिट्टी जॅकेटलाच बांधा. पाणी माणशी २ ते ३ लिटर, जड वस्तू मध्यभागी आणि खाली.

उतरण्याआधी कयाकच्या मागच्या टोकाचं बूच घट्ट आहे का, हाताने फिरवून बघा. ते सैल असलं तर पोटात पाणी हळूहळू भरतं. कळत काहीच नाही, फक्त कयाक जड होते आणि एका बाजूला कलायला लागते. तसं वाटलं की लगेच काठ गाठा. पायात जाड तळव्याचे, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. कालवं चिकटलेल्या खडकावर अनवाणी पाय पडला तर तळवा फाटतो.

४.
उतरायची जागा आदल्या दिवशी ओहोटीत पाहून ठेवा. भरतीला गुळगुळीत दिसणारा काठ पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल निघतो. रेतीचा काठ किंवा जेट्टीची उतरण निवडा. पर्यटकांच्या मोटारबोटींच्या लाटा आडव्या घेऊ नका, टोक त्यांच्याकडे वळवा.

५.
कोणी कोलाडच्या कुंडलिका नदीवर जाणार असेल, तर ते वेगळं प्रकरण, तिथे तिथी कामाची नाही. पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटतं तेव्हाच नदी वल्हवण्याजोगी होते. सोडण्याची वेळ तिथल्या राफ्टिंगवाल्यांना त्याच सकाळी विचारा.

६.
दोन्हीकडे एक काम कराच. कुठून उतरणार, कुठवर जाणार आणि परतीची वेळ काठावरच्या माणसाला लिहून द्या. एक तास उलटला की त्याने कोणत्या बोटवाल्याला फोन करायचा, तो नंबरही त्याच कागदावर.